नऊ महिने कोरडे, पण कोणाचे?

डिसेंबर लागला की पनवेलच्या आसपासच्या फार्महाऊसांवर दिव्यांच्या माळा चढतात. मुंबईच्या गाड्या माथेरानच्या पायथ्याकडे आणि कर्नाळ्याच्या बाजूला वळू लागतात. 24, 25 आणि 31 डिसेंबरला परमिट रूम पहाटेपर्यंत उघड्या ठेवण्याची मुभा सरकार गेली अनेक वर्षे देत आले आहे. ज्याच्याकडे पिण्याचा परवाना नाही त्याला एका दिवसाचा परवाना अगदी किरकोळ पैशांत मिळतो. त्यानंतर लग्नसराईतल्या हळदी, मग शिमगा, आणि पाऊस सुरू झाला की गटारी. आषाढी अमावास्येला बायका घरातले दिवे घासूनपुसून पुजतात आणि पुरुष गटारी साजरी करतात. कामाची इतकी चोख वाटणी दुसऱ्या कुठल्या सणात नसेल.

या साऱ्या धामधुमीत पोटुशी बाई कुठे असते, हा प्रश्न आम्हाला या अंकात विचारायचा आहे. ‘आपल्याकडच्या बायका पितच नाहीत’ म्हणून तो टाळला जातो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 वर्षांवरच्या 1.3 टक्के स्त्रियांनी दारू पीत असल्याचे सांगितले, पुरुषांत हे प्रमाण 18.8 टक्के. घरात चारजण बसलेले असताना किती जणी खरे बोलल्या असतील ते सोडा. पण 1.3 टक्के म्हणजेसुद्धा लाखो बायका होतात. त्यांच्याशी कोणी बोलत नाही, कारण त्या नाहीतच असे सर्वांनी ठरवून टाकले आहे.

म्हणून आधी साध्या शब्दांत शास्त्र. आईच्या रक्तातला अल्कोहोल वारेतून सरळ गर्भाकडे जातो. गर्भाचे यकृत अजून कच्चे असते, त्याला तो पचवता येत नाही. फ्रान्समधल्या नांत शहरात डॉ. पॉल लेमवान यांनी 1968 साली दारू पिणाऱ्या आईबापांच्या 127 मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. 1973 साली अमेरिकेत सिअॅटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी या विकाराला नाव दिले, तेव्हा जग जागे झाले. वाढ खुंटणे, चेहऱ्याच्या ठेवणीत फरक, आणि सर्वांत जास्त मार मेंदूला. पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. ती शाळेत मागे पडतात, एका जागी बसत नाहीत, आणि ‘मठ्ठ’ किंवा ‘वांड’ म्हणून मार खातात. मेंदूची वाढ नऊही महिने चालू असते, त्यामुळे अमुक महिन्यानंतर चालेल असे काही नाही. गरोदरपणात किती दारू निर्धोक, याचे उत्तर जागतिक आरोग्य संघटना ‘अजिबात नाही’ असेच देते.

‘बिअर म्हणजे काय दारू?’ हे वाक्य पार्टीत हमखास ऐकू येते. हिशेब करून पाहा. व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतो. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या बाटलीत तो 41 ग्रॅम भरतो. म्हणजे चार पेग! वाईन, ताडी, मोहाची, हातभट्टीची, वारेला यातले नाव कळत नाही. सर्दीवर म्हणून आजी चमचाभर ब्रँडी देते, तीही नको. आसव-अरिष्टांतही आंबवण्यातून अल्कोहोल तयार झालेला असतो, बाटलीवर त्याचे प्रमाण छापलेले असते. गरोदरपणी ती मनाने घेऊ नयेत.

आता दुसरी बाजू. पनवेल परिसरातल्या वीटभट्ट्या दिवाळीनंतर पेटतात. पावसाळ्यातच उचल घेऊन बसलेली कातकरी कुटुंबे भट्टीवर येतात आणि मेपर्यंत चिखल तुडवून, विटा पाडून ती फेडतात. सातव्या महिन्यातली बाईही विटा वाहते. आठवड्याची खर्ची हातात पडते त्या संध्याकाळी ती नवऱ्याबरोबर घोटभर घेत असेल, तर ती चैन नव्हे. ते दुखऱ्या पाठीवरचे आणि अर्ध्या पोटावरचे तिला परवडणारे एकमेव औषध आहे. तिला ‘बाळासाठी सोड’ एवढेच सांगून निघून येणे आम्हाला लाजिरवाणे वाटते. पोटभर जेवण, हलके काम आणि भट्टीपर्यंत पोचणारी नर्सबाई यांच्याशिवाय तो उपदेश तिला काय कामाचा?

तिकडे खारघर-कामोठ्याच्या सोसायटीत नवी सून वेगळ्याच पेचात असते. अजून कोणाला सांगायचे नाही, तिसरा महिना उलटायचा आहे. ग्लास नाकारला तर सगळे हसून विचारणार, ‘काय, गुड न्यूज?’ म्हणून ती दोन घोट घेते. बाईच्या पोटावर सगळ्यांची नजर असली की असे होते. एखादी पीत नसेल तर कारण विचारू नये, एवढी सभ्यता आपण शिकायला हरकत नाही.

या विषयाचा आणखी एक धोका आम्हाला दिसतो. गर्भाच्या नावाने बाईवर पहारा बसवायला समाज टपलेलाच असतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने 1998 साली व्यसनी गर्भवतीला ताब्यात ठेवण्याचा कायदा लागू केला. पकडले जाण्याच्या भीतीने बायका दवाखान्यातच जात नाहीत, म्हणून अशा कायद्यांना तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेच विरोध केला आहे. आम्हाला तो मार्ग नको. फ्रान्समध्ये 2007 पासून प्रत्येक बाटलीवर गरोदर बाईसाठी सावधगिरीचे चित्र किंवा इशारा असतो. आपल्याकडे 2019 पासून जो इशारा सक्तीचा झाला, त्यात दारू आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका, एवढेच ठरले. गाडीची आठवण झाली, गर्भवतीची झाली नाही.

आणि नवरा? तो पिऊन येतो, त्या रात्री पोटावर लाथ बसते, ते बाळाला लागत नाही काय? लेमवान यांनी ‘आईबाप’ दोघांची नोंद केली होती, पुढे बाप गळाला आणि आई उरली. डोहाळजेवणात बाईला हिरवी साडी नेसवून फुलांनी मढवतात. त्याच दिवशी नवऱ्याने सर्वांसमोर सांगावे की बाळ होईपर्यंत मीही घेणार नाही. घरात बाटली नसली की तिला नाही म्हणावेच लागत नाही. आगरी-कोळी समाजातल्या कितीतरी जणांनी हळदीतल्या दारूविरुद्ध आवाज उठवला आहे. त्यांच्या हळदीला आपण आवर्जून जाऊ या.

दिवस गेल्याचे कळण्यापूर्वी जिने घेतली असेल तिने घाबरून जाऊ नये. आजपासून थांबावे आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे, थांबण्याचा फायदा कोणत्याही महिन्यात होतोच. जी रोज भरपूर पिते तिने मात्र एकटीने, एकदम सोडू नये. हात कापणे, झटके येणे असे प्रकार होऊन ते तिच्या आणि गर्भाच्या जिवावर बेतू शकते. तिला रुग्णालयाची देखरेख हवी. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगणमध्ये ‘निशिगंध’ हा खास स्त्रियांचा विभाग चालतो. घरात मार बसत असेल तर 181. हे आकडे आपल्या वस्तीतल्या आशाताईच्या वहीत आहेत का, ते 31 तारखेच्या आत पाहून घ्या. नसतील तर लिहून द्या.