हॅमस्ट्रिंगची साथ आणि एकच आरोपी

परवा शनिवारी टर्फवर पुन्हा तेच झालं. सात-आठ मिनिटं झाली असतील. डाव्या बाजूने बॉल घेऊन सुसाट सुटलो होतो आणि मांडीच्या मागे कुणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर मागे कुणीच नाही. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. पाच आठवड्यांत दुसऱ्यांदा! आमच्या हापिसच्या टीममधला मी या सीझनचा तिसरा. घरी बर्फ लावून पालथा पडलो होतो तेव्हा एका मित्राचा मेसेज आला, "तीन गेले? कोच बदला आता :-)"

आम्हाला कोचच नाही हा भाग सोडा. पण हे जे "कोच बदला" आहे ना, ते माझ्या डोक्यात जातं. आजचा वैताग त्याच्यावरच.

थोडं मागे जातो. जानेवारी २०१६. मी हॉस्टेलवर, सबमिशनं डोक्यावर, आणि रात्री दीड वाजता आम्ही पाच जण एका लॅपटॉपभोवती बसून लिव्हरपूल वि. स्टोक बघतोय. लीग कपची सेमीफायनल. पहिल्याच हाफमध्ये कुटिन्यो मांडी धरून बाहेर. थोड्या वेळाने लव्हरेनही तसाच बाहेर. त्याआधी डिसेंबरात स्टरिज, श्कर्टेल आणि ओरिगी हॅमस्ट्रिंगनेच गेले होते. म्हणजे ६ डिसेंबर ते ५ जानेवारी, एका महिन्यात पाच. तीन दिवसांनी एफए कपमध्ये एक्सेटरविरुद्ध क्लॉपने जवळजवळ पोराटोरांची टीम उतरवली, २-२ झाले.

लगेच खटला उभा राहिला. आरोपी एकच, क्लॉप. ऑक्टोबरात आला, सगळ्यांना कुत्र्यासारखं पळवलं, पायांचं भुसकट केलं. रेमंड व्हरहायन नावाचा डच फिटनेस कोच तर ट्विटरवर त्याच्या मागे हात धुऊनच लागला होता. आम्ही हॉस्टेलवाल्यांनीही निकाल देऊन टाकला. नंतर नोकरी लागली, प्रॉडक्शन बंद पडल्यावर होणाऱ्या मीटिंगा बघितल्या, आणि लक्षात आलं की तिथेही अगदी हेच चालतं. शेवटचा कोड कुणी टाकला? धरा त्याला!

तर आता जरा आकडेमोड करू. घाबरू नका, बारावीच्या पलीकडची नाही.

युएफाचा इंजुरी स्टडी २००१ पासून चालू आहे, त्यामागचा माणूस यान एकस्ट्रँड. त्यातल्या त्या काळच्या आकड्यांनुसार पंचवीस जणांच्या टीमला एका सीझनमध्ये पाच-सहा हॅमस्ट्रिंग इंजुऱ्या होतातच. आपण सहा धरू. लीगमध्ये वीस टीम, सगळ्यांचे कोच सारखेच शहाणे, सगळ्यांचे फिजिओ सारखेच चांगले. निव्वळ नशिबाचा खेळ मांडला (यालाच पॉइसाँ म्हणतात, इंजिनियरिंगच्या एम-थ्रीत रट्टा मारून विसरलेलं प्रकरण), तर दर वर्षी एक-दोन टीमना दहा किंवा जास्त इंजुऱ्या होणार, आणि साधारण एका टीमला दोन किंवा कमी. पहिल्या टीमचा फिजिओ घरी जाणार. दुसऱ्या टीमचा फिजिओ कॉन्फरन्समध्ये स्लाइड दाखवणार. फरक काय? फाशांचा!

एकाच टीममध्ये एकाच महिन्यात तीन जण जाणं हेही दहा महिन्यांच्या सीझनमध्ये लीगभर मिळून चार-पाच वेळा आपोआप घडतं. त्यामुळे तीन हॅमस्ट्रिंग दिसल्या की लगेच "ट्रेनिंग ग्राउंडवर काहीतरी शिजतंय" असं म्हणणाऱ्यांनी आधी एकदा कॅल्क्युलेटर उघडावा.

मग क्लॉप निर्दोष? थांबा. तोच हिशोब पुढे नेला तर एका महिन्यात पाच हे अशा लीगमध्ये दहा-बारा वर्षांतून एखाद्या वेळेस घडायला हवं. आपण सोयीचा महिना निवडलाय म्हणून थोडी सूट देऊ. तरी सगळं नशिबावर ढकलता येत नाही. म्हणजे "सगळं रँडम आहे हो" म्हणून हात झटकणारेही चूकच. माझ्या गणितात गृहीत काय होतं, तर रिस्क वर्षभर सारखी असते. आणि खरी मेख तिथेच आहे.

त्या एकतीस दिवसांत लिव्हरपूल आठ मॅचेस खेळलं. २६ डिसेंबर ते ८ जानेवारी या चौदा दिवसांत तर पाच. त्या अख्ख्या सीझनमध्ये एकूण ६३. एक माणूस जायबंदी झाला की त्याच्या वाटची मिनिटं उरलेल्यांच्या पायांवर पडतात. म्हणजे दुसरी इंजुरी पहिलीपासून स्वतंत्र राहतच नाही. एक सर्व्हर बसला की लोड बाकीच्यांवर जातो आणि मग तेही धडाधड बसतात, हे आपल्यापैकी कुणाला नव्याने सांगायला हवं का?

त्यात व्हरहायनचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. एका पद्धतीच्या पळण्याला सरावलेल्या स्नायूंना सीझनच्या मध्येच दुसऱ्या पद्धतीला जुंपलं, तेही प्री-सीझनशिवाय, तर धोका वाढणं पटण्यासारखं आहे. पण ते एक कारण झालं, एकमेव नाही. ऑक्टोबरात आलेल्या माणसाने जुलै कुठून आणायचा?

आता दुसरा आवडता डायलॉग. "आजकालची पोरं नाजूक, पूर्वीचे बघा चिखलात खेळायचे." काका, पूर्वीचे एवढे पळतच नव्हते हो. फार लांबही जायला नको. प्रीमियर लीगमध्ये २००६-०७ आणि २०१२-१३ या सहा वर्षांतच स्प्रिंटची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी वाढली. आणि हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा तिथेच जाते. फुल स्पीडमध्ये पाय पुढे फेकला जातो, जमिनीला टेकायच्या आधी मांडीमागचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावायचा असतो. तो ब्रेक जास्त वेळा, जास्त वेगात आणि कमी विश्रांतीवर लावायला लागला तर कधीतरी तुटणारच. युएफाच्याच स्टडीत २००१-०२ साली एकूण इंजुऱ्यांपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ साली २४ टक्के. बरोब्बर दुप्पट. आता ही काय एकट्या क्लॉपची करामत?

आणि खरा संताप येतो तो पुढच्या गोष्टीचा. यावर उपाय माहीत आहे. नॉर्डिक नावाचा व्यायाम. गुडघ्यांवर बसायचं, मागून कुणीतरी घोटे धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मशीन नाही, जीपीएसचं जाकीट नाही, खर्च शून्य. २०११ साली डेन्मार्कच्या ५० टीममधल्या ९४२ खेळाडूंवरची ट्रायल छापून आली. शंभर खेळाडूंमागे एका सीझनला नव्या-जुन्या मिळून तेरा इंजुऱ्या एका गटात, आणि नॉर्डिक करणाऱ्या गटात चारच्याही आत. मग २०१५ साली चॅम्पियन्स लीग आणि नॉर्वेच्या क्लबांचा सर्व्हे आला. सुमारे ८३ टक्के क्लब हा प्रोग्रॅम नीट करतच नव्हते! खेळाडूंवर करोडो पौंड उधळणारे क्लब! पॅच उपलब्ध आहे, टेस्ट झालेला आहे, फुकट आहे, पण डिप्लॉय कुणी करायचा? अंग दुखतं म्हणून खेळाडू कुरकुरतात, मॅचेसच्या गर्दीत दिवस मिळत नाही, आणि कोचला फिजिओचं ऐकायचं नसतं. ही शेवटची गोष्ट मी मनाने सांगत नाही. २०१९ साली ३६ मोठ्या क्लबांवरच्या अभ्यासात दिसलं की मुख्य कोच आणि मेडिकल टीम यांच्यात नीट बोलणं नसेल तिथे इंजुऱ्यांचा भार जास्त. (इंजुऱ्या वाढल्या म्हणून बोलणं बंद झालं असंही असू शकतं, मान्य. पण तरीही.)

आणि या सगळ्याच्या वर बसलेत कॅलेंडर बनवणारे. २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या फेरीत सहाऐवजी आठ मॅचेस. त्याच वर्षी प्रीमियर लीगने सीझनमधली सुट्टी काढून टाकली. २०२५ च्या उन्हाळ्यात ३२ टीमचा क्लब वर्ल्ड कप. बदली खेळाडू तीनाचे पाच केले, ते चांगलंच, पण मॅचेस कमी करायला कुणी तयार नाही. कोच बदलला की लोकांना वाटतं काहीतरी झालं. कॅलेंडरवाल्याला कुणी "सॅक" म्हणत नाही, कारण त्याचा चेहरा टीव्हीवर डगआउटमध्ये दिसत नाही. आणि आपण? मॅचेस वाढल्या की आपण सबस्क्रिप्शन रिन्यू करतो. मीसुद्धा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. एखाद्या टीममध्ये हॅमस्ट्रिंगची साथ आली तर तीन प्रश्न, याच क्रमाने. हे निव्वळ नशिबाने घडू शकतं का? गेल्या सहा आठवड्यांत किती मॅचेस झाल्या आणि कुणाच्या पायांवर पडल्या? माहीत असलेले कंटाळवाणे उपाय केले होते का? ही तिन्ही उत्तरं हातात आल्यावर कोचकडे बोट दाखवा, खुशाल.

आता माझी केस. हॅमस्ट्रिंगच्या इंजुऱ्यांपैकी १८ टक्के जुन्याच दुखण्याच्या असतात, आणि त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त परत खेळायला लागल्यापासून दोन महिन्यांत होतात. मला हा आकडा माहीत होता. तरी तिसऱ्या आठवड्यात उतरलो, कारण सेमीफायनल होती आणि माणसं कमी होती. नॉर्डिक एकदाही केले नव्हते. फिजिओ म्हणाली होती "अजून थांबा", तर तिलाच गुगल केलेलं ऐकवलं.

थोडक्यात कॅलेंडरवालाही मीच, न ऐकणारा कोचही मीच, आणि फाटलेली मांडीही माझीच. निदान मला तिघांनाही एकाच वेळी झापता येतं. कुटिन्योला ती सोय नव्हती.

असो. बर्फ वितळला. भेटू पुढच्या वीकेंडला, बहुतेक खुर्चीतूनच.