एक फोन आणि त्रेचाळीस ई-मेल

मित्रांनो, आज जरा मोठं लिहितोय. घरात कुणी लॉला असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तरी वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी पाच वर्षांच्या लॉ कोर्सला आहे, चौथ्या वर्षात. तिला कोर्टात तारखा घेत फिरायचं नाही. कंपन्यांचे करार, खरेदी-विक्री, कर्जाची कागदपत्रं हे काम करायचंय. हे काम करणाऱ्या मोठ्या लॉ फर्म मुंबईत फोर्ट, नरिमन पॉइंट, लोअर परळ, बीकेसी या भागांत बसतात. पोरीने सुट्टीतल्या इंटर्नशिपसाठी ४३ फर्मना ई-मेल पाठवले. उत्तरं आली दोन. दोन्हींत एकच वाक्य, सध्या जागा नाही.

मग ती माझ्याकडे आली. "काका, तुमची कुणाशी ओळख आहे का?" पत्रकाराला हा प्रश्न विचारला की त्याची छाती फुगतेच. मी मुंबईतल्या एका परिचित वकिलांना फोन लावला. चार मिनिटं बोललो. तिसऱ्या दिवशी मेल आला : चार आठवडे या, स्वतःचा लॅपटॉप आणा, भत्ता मिळणार नाही.

गंमत बघा. ज्या दोन फर्मनी 'जागा नाही' कळवलं होतं, त्यांतलीच ही एक. आठवड्यापूर्वी नसलेली जागा एका फोनने तयार झाली. पोरीचे मार्क तेच, बायोडेटा तोच. बदलली फक्त ओळख.

दुसरा दरवाजा पुढे होता. आम्ही हिशोब मांडला. कॉट बेसिसवरची जागा, वर डिपॉझिट, दोन वेळचं जेवण, लोकलचा पास, फॉर्मल कपडे, लातूर एक्सप्रेसचं जाणं-येणं. महिन्याचे तीस हजार. गिरणी महिन्याला त्याच्या निम्मे देते, तेही लाइट राहिली तर. शेवटी पोरीने फर्मला कळवलं, 'वैयक्तिक कारणामुळे येऊ शकत नाही.' बापाकडे तीस हजार नाहीत, हे वैयक्तिक कारण झालं!

आता म्हणाल, एका इंटर्नशिपने काय बिघडतं? तिथेच सगळं बिघडतं. या फर्म नोकरी देताना आधी कुठे इंटर्नशिप केली ते बघतात. अनेकदा आपल्याकडे काम करून गेलेल्यांतूनच माणूस उचलतात. सगळ्यात मोठ्या फर्ममध्ये नव्या वकिलाला वर्षाला पंधरा लाखांच्या पुढे पगार मिळतो. म्हणजे त्या पगाराची रांग या फुकटच्या महिन्यापासून सुरू होते. ज्याच्या मामाचा फ्लॅट दादरला आहे, तो रांगेत. गिरणीवाल्याची पोर बाहेर. आणि वर ऐकायचं, "गुणवत्ता असेल तर कुणी अडवत नाही." अहो, गुणवत्ता तपासायच्या आधीच घरभाडं तपासलं गेलं की!

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप सक्तीची आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. सक्ती करणाऱ्यांनी पोराच्या राहण्या-जेवण्याचं काय, हे मात्र सांगितलं नाही. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये याच कौन्सिलने ज्युनिअर वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं परिपत्रक काढलं. चांगलं केलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि इंटर्न त्यात नाहीतच.

काही ज्येष्ठ म्हणतात, "शिकायला येतात, पैसे कसले?" ठीक आहे. मग रात्री दहापर्यंत कराराची तीनशे पानं तपासायला, तक्ते भरायला आणि निकाल शोधून टिपणं काढायला कोण बसतं? काही फर्म भत्ता देतात, हेही मान्य. ज्या देतात त्यांचं काही बुडालेलं नाही.

इंग्लंडची पद्धत मला या पोरीनेच मोबाइलवर दाखवली. तिथल्या मोठ्या फर्म सुट्टीत विद्यार्थ्यांना काही आठवडे बोलावतात, त्याला व्हेकेशन स्कीम म्हणतात. वेबसाइटवर फॉर्म असतो, शेवटची तारीख असते, मुलाखत होते आणि आठवड्याला पैसे मिळतात. त्यातून पुढे दोन वर्षांचं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट, तेही पगारी. बऱ्याच फर्म अर्ज बघताना मुलगा कसल्या शाळेतून आला हेही विचारात घेतात. तिथे सगळे संत बसलेत असं नाही. बड्या विद्यापीठांची आणि बड्या घरांची पोरं तिथेही पुढे असतात. पण अर्ज कुठे करायचा आणि किती मिळतील, हे कळायला काकाचा फोन लागत नाही.

आता आपल्या पायाखाली बघू. आपल्या तालुक्यात इंटर्नशिप कशी होते ते कोर्टासमोरच्या टपरीवर सगळ्यांना माहीत आहे. चहा पाजायचा आणि चार आठवड्यांच्या सर्टिफिकेटवर सही घ्यायची. वकीलसाहेब, राग येऊ द्या, पण त्या सहीने तुम्ही पोराचं वर्ष खाता. मुंबईवाले दार लावून घेतात आणि आपण पोराला दारापर्यंत जाण्याइतकंही तयार करत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. फर्मनी इंटर्नशिपच्या जागा, तारखा आणि भत्ता उघड जाहीर करावा. 'शेकडो मेल येतात, उत्तरं कशी देणार' म्हणता ना, मग फॉर्म ठेवा. बार कौन्सिलने सक्तीच्या आठवड्यांना किमान भत्ता जोडावा. लॉ कॉलेजांनी मुंबईला जाणाऱ्या मुलांसाठी निधी उभा करावा, गॅदरिंगला पैसे निघतात तसे यालाही निघतील. आणि आपल्या भागातून जाऊन मुंबईत स्थिरावलेल्या वकिलांनो, सत्काराला येता तेव्हा शाल घेता. उन्हाळ्यात एका पोराला महिनाभर घरात एक खोली द्या. त्या शालीचं चीज होईल.

ती पोर सध्या इथल्याच एका वकिलांकडे जाते. ते रोजचं बसभाडं देतात आणि खरंच शिकवतात. एवढं एका तालुक्याच्या वकिलाला जमतं.

मी केलेला फोन बरोबर होता का? नाही. उद्या कुणाची पोर दारात आली तर पुन्हा करीन का? करीन. फोन न करता तिला जागा मिळाली पाहिजे, म्हणून हे लिहिलं.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा. फक्त मुलीचं नाव विचारू नका.