पहिला पावसाळा

लघुउद्योगाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न भांडवलाचा असतो. 'पैसा कुठून आणणार?' या प्रश्नापाशीच मराठी घरातल्या निम्म्या उद्योगांची चर्चा संपते. उरलेल्या निम्म्यांची नोकरीच्या जाहिरातीपाशी!

15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या, तेव्हा त्यांच्याजवळ उसने घेतलेले 80 रुपये होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे भरली. 'लिज्जत'ची ही कथा आता सर्वतोमुखी झाली आहे. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हाही तोच 80 रुपयांचा आकडा पुन्हा फिरला.

मला मात्र या कथेतला दुसराच एक तपशील मोलाचा वाटतो. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले. ऊन नाही, पापड वाळणार कसे? दुसऱ्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाटेखाली पेटता स्टोव्ह. काम बारमाही झाले. खाट-स्टोव्हाची ही अक्कल कुठल्या प्रकल्प अहवालात सापडली नसती. ती चार महिने हात बांधून बसल्यावर सुचली. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक स्वस्त, एक महाग. त्यांना 80 रुपये देणाऱ्या छगनलाल पारेख यांनी एकच चांगली प्रत ठेवण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानला. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हेही तेव्हाच ठरले. 'लिज्जत' हे नाव आले 1962 साली. म्हणजे तीन वर्षे धंदा नावावाचून चालला. आज आधी नाव, मग बोधचिन्ह, मग उद्घाटनाची फीत आणि सर्वांत शेवटी माल!

पण या कथेचे दाखले देऊन आजच्या तरुणांना नावे ठेवणारांशी माझे भांडण आहे. त्या सातजणी चार महिने थांबू शकल्या, कारण घरची चूल पापडांवर अवलंबून नव्हती आणि महिन्याच्या महिन्याला हप्ता मागणारे कोणी दारात नव्हते. 2015 साली केंद्र सरकारची मुद्रा योजना आली. तीत कर्जांना नावे दिली ती शिशू, किशोर, तरुण. नावे समर्पक आहेत. पण शिशू पडत-झडत चालायला शिकतो, हे हप्ता ठरवताना कोणाच्या ध्यानात असते?

आमच्या परिचयातल्या एका बाईंनी कर्ज काढून वाळवणाचा उद्योग सुरू केला. कुरडया, पापड, सांडगे. पीठ मळण्याचे यंत्र आले, मदतीला दोघीजणी आल्या. चैत्र-वैशाखात उसंत नव्हती. जूनमध्ये आभाळ भरले आणि हप्ता मात्र पाच तारखेला ठरल्याप्रमाणे आला. दोन हप्ते त्यांनी मंगळसूत्राच्या वाट्या गहाण ठेवून भरले. 'पावसाळ्यात हप्ता निम्मा घ्या, उन्हाळ्यात दीडपट देते,' असे त्या बँकेत सांगून आल्या. साहेब सज्जन होते, पण त्यांच्या कागदात तसा रकानाच नव्हता.

पीककर्ज देताना हंगाम विचारात घेतला जातो. परतफेड सुगीनंतरची असते. मग वाळवण करणारीला, मूर्तिकाराला, छत्री दुरुस्त करणाऱ्याला हंगाम नसतो काय? त्यांच्या हप्त्यांना हंगामाचा हिशेब लावायला नवी योजना नको. आहे त्याच कागदात एक रकाना वाढवायला हवा.

त्या बाई आता पावसाळ्यात मेतकूट आणि चटण्या करतात. यंत्र त्यांनी विकून टाकले. पीठ पुन्हा हाताने मळले जाते. मदतीच्या दोघींपैकी एकच उरली आहे. कर्जाचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत.