पदवी संगीताची, तर परीक्षा मैफलीची हवी




बारावीचे निकाल लागले की संगीतात पदवी घेऊ पाहणाऱ्या मुलामुलींना घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : ‘पुढे पोटापाण्याचं काय?’ प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आधी विद्यापीठांनी द्यायला हवे. रूढ प्रात्यक्षिक परीक्षेत रागांची लांबलचक यादी असते. त्यातल्या काही रागांत बडा ख्याल, उरलेल्यांत छोटा ख्याल. परीक्षक सांगतील तो राग काही मिनिटे गायचा, ताल हातावर धरून दुगुन-चौगुन म्हणायची, की झाले. मैफलीत मात्र एकच राग पाऊण तास मांडावा लागतो. तानपुरे स्वतः जुळवावे लागतात, आयत्या वेळी भेटलेल्या तबलजीशी विलंबित लय जमवावी लागते आणि शेवटच्या तानेपर्यंत आवाज राखावा लागतो. विद्यार्थी परीक्षेत जे विचारले जाते त्याचीच मेहनत करतो. म्हणून पदवी आणि मंच यांतले अंतर मिटवायचे असेल, तर आधी परीक्षा बदलली पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की कलाकार गुरूच्या सहवासातच घडतो. वर्गात आणि तासांच्या घंटेवर गाणे येत नाही. सहवासाचे मोल मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या दरबारांच्या आश्रयावर गुरूचे आणि शिष्यांचे घर चालत होते, ती संस्थानेच स्वातंत्र्यानंतर विलीन झाली. संस्थेची गरज तर त्याआधीच ओळखली गेली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताची दारे सामान्य घरांतल्या मुलांना उघडली. भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांनीही पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. खुद्द घराण्याच्या उस्तादाला शाळा वर्ज्य वाटली नाही, हे विसरून चालणार नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने तर आपल्या नावातच ‘गुरुकुल’ हा शब्द ठेवला आहे. तेव्हा गुरू की विद्यापीठ, हा वादच चुकीचा आहे. विद्यापीठाने गुरूला पुरेसा वेळ द्यावा आणि त्या तालमीचे फळ मैफलीत तपासावे.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. यादीतला राग आला की नाही हे सांगता येते, मैफलीला गुण कसे द्यायचे? पण आकाशवाणी कित्येक दशके ध्वनिचाचणी घेऊन कलाकारांना श्रेणी देत आली आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांतही संगीताचा अध्यापक नेमताना आकाशवाणीच्या ‘अ’ श्रेणीला स्थान आहे. अध्यापकाची पात्रता अशी ठरू शकते, तर विद्यार्थ्याची का नाही? स्वरलगाव, लय, रागाची बढत, साथीदारांशी मेळ असे निकष ठरवून दोन-तीन बाहेरच्या जाणकारांसमोर, श्रोत्यांच्या उपस्थितीत ही परीक्षा घेता येईल. वेळ आणि खर्च वाढेल, हे खरे. पण वैद्यकीय शिक्षणात रुग्ण न तपासता पदवी द्या, असे खर्चाचे कारण सांगून कोणी म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : सगळेच विद्यार्थी मंचावर जाणार नाहीत, बरेचसे शिक्षक होतील. पण ज्याने स्वतः राग पाऊण तास मांडलेला नाही, तो शिष्याला काय मांडायला शिकवणार? शिवाय व्यवसाय म्हणजे केवळ स्वतंत्र मैफल नव्हे. संवादिनी-तबल्याची साथ, नाट्यसंगीत, ध्वनिमुद्रण हीही पोट भरणारी आणि मानाची कामे आहेत. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या दुरुस्तीने सादरकर्त्यांच्या स्वामित्वधनाच्या हक्काला बळ दिले. हा हक्क आणि करारनाम्यातली कलमे विद्यार्थ्याला पदवी घेतानाच कळली पाहिजेत, नाहीतर तो पहिल्याच ध्वनिमुद्रणात बिनदिक्कत सही करून मोकळा होईल.

म्हणून विद्यापीठांकडे मागणी साधी आहे. रागांची यादी निम्मी करा. दरवर्षी एक खुली मैफल सक्तीची करा आणि निम्मे गुण तिला द्या. अशा पदवीनेही कोणाला यशाची हमी मिळणार नाही. ती कुठलीच पदवी देत नाही. पण ‘पुढे काय’ असे विचारणाऱ्या आईवडिलांना आपल्या मुलाचे गाणे समोर बसून ऐकता येईल, आणि निर्णय ऐकीव भीतीवर न घेता कानांनी ऐकलेल्या गाण्यावर घेता येईल.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, मिरज