माप काढलं, आता पुढे?

मंडळी, या खेपेला गोल्फवर लिहितोय म्हटल्यावर पहिला आक्षेप घरातूनच आला. सौ. म्हणाल्या, "आदिलाबादच्या वाचकाला कापसाचं सांगा, तुरीचं सांगा. तुमची ती लोखंडं कोणाला कळणार?"

आक्षेप रास्त आहे. पण विषय गोल्फचा असला तरी प्रश्न घरोघरचा आहे. आपण तज्ज्ञाकडे जातो. तो मोजमाप करतो आणि 'तुमच्याजवळची वस्तू तुम्हाला बसत नाही' असं कागदावर लिहून देतो. मग जुनी टाकून नवी घ्यायची का? चष्मा, कवळी, सायकल, शिलाई मशीन, काहीही घ्या, हा प्रश्न कधी ना कधी प्रत्येकासमोर येतो. माझ्यासमोर तो गोल्फच्या काठ्यांच्या रूपानं आला, इतकंच.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होतो. छावणीत गोल्फचं मैदान असलं की शिकायला फारसं काही लागत नाही, लागते ती पहाटे उठायची सवय. तिथेच हा नाद लागला. निवृत्तीनंतर गावी आलो. आता महिन्या-दोन महिन्यांतून सिकंदराबादला मुलाकडे जाणं होतं, तेव्हा तिथल्या लष्करी मैदानावर खेळतो. एरवी पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं झालं की धुऱ्यावर उभा राहून चेंडू मारतो. शेजारच्या गड्याला वाटतं, डॉक्टरसाहेब पाखरं हाकलतात.

गोल्फ म्हणजे साहेबी थेर असं आपल्याकडे मानतात. पण नाशिककर ज्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर क्रिकेट बघतात, त्याला अजूनही सर्रास 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात. भारताचा नामवंत गोल्फपटू अनिर्बान लाहिरी १९८७ मध्ये पुण्यात जन्मला. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकला त्याच्या जोडीला पुण्याचा उदयन माने होता. तेव्हा हा खेळ अगदीच परका नाही.

आता लोखंडांबद्दल. गोल्फमध्ये एका काठीनं भागत नाही, पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात. त्यांतल्या लोखंडी डोक्याच्या काठ्यांना आयर्न म्हणतात आणि त्यांना नंबर असतात. नंबर जसा वाढतो तशी काठी साधारण अर्ध्या इंचानं आखूड होते आणि डोक्याचं तोंड तीन-चार अंशांनी जास्त आभाळाकडे वळतं. म्हणून पाच नंबरचा चेंडू लांब आणि खालून जातो, नऊ नंबरचा उंच चढून जवळ पडतो. माझ्याकडे चार ते नऊ आणि वर एक, अशी सात लोखंडं आहेत. नरम पोलादाची, ठोकून घडवलेली. पंचवीस वर्षांपूर्वी एका वरिष्ठ सहकाऱ्यानं निवृत्त होताना मला दिली. तो आता नाही. हेही हिशेबात धरायला हवं, कारण वस्तूची किंमत नुसती पावतीवर नसते.

माझ्या अडुसष्टाव्या वाढदिवसाला मुलानं हैदराबादच्या एका दुकानात माप काढून घेण्याची वेळ ठरवून दिली. 'कस्टम फिटिंग' म्हणतात त्याला. शिंप्याकडे जावं तसंच. आधी उंची, मग मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर, पंजाची आणि बोटांची लांबी. नंतर काठीच्या बुडाला चिकटपट्टी लावून एका फळीवर चेंडू मारायला लावतात. पट्टीवरची खूण मधोमध आली तर काठी जमिनीवर सपाट बसते. टाचेकडे आली तर काठी माणसाच्या मानानं जास्त उभी आहे, टोकाकडे आली तर जास्त पडलेली. शेवटी रडार चेंडूचा वेग, उंची, अंतर सारं पडद्यावर दाखवतं.

निकाल असा: काठ्या दोन अंशांनी जास्त उभ्या, त्यामुळे चेंडू डावीकडे पळतो. पोलादी दांडे माझ्या आताच्या वेगाला जड. मुठीचं रबर वाळून कडक झालेलं. सुचवलेला उपाय: हलक्या ग्रॅफाइट दांड्यांचा नवा संच, एक लाख वीस हजार रुपये. पडद्यावर पुरावाही होता. माझं सात नंबरचं लोखंड १२० यार्ड गेलं, नवं सात नंबर १३३. तेरा यार्ड! अडुसष्टाव्या वर्षी हरवलेलं असं काही परत मिळणार म्हटल्यावर हात खिशाकडे जातोच.

मी दोन आठवड्यांची मुदत मागून घेतली. आयुष्यभर रोगी तपासले, त्यातला पहिला धडा हा की औषध रिपोर्टला द्यायचं नसतं, रोग्याला द्यायचं असतं. तेव्हा रिपोर्ट नीट वाचायला बसलो.

पहिली गोष्ट, माप त्या दिवसाचं असतं. आपल्या मार्केट यार्डात कापसात ओलावा मोजायचं यंत्र खुपसतात. सीसीआयच्या केंद्रावर आकडा ८ पर्यंत आला तर पूर्ण हमीभाव, १२ च्या पुढे गेला तर गाडी परत. यंत्र खोटं बोलत नाही. पण रात्री दव पडलेला कापूस आणि दोन उन्हं दाखवलेला तोच कापूस, आकडा वेगळा देतो. मी तीनशे किलोमीटरचा प्रवास करून, आखडलेल्या कमरेनं दुकानात उभा होतो. म्हणून आठवड्यानं पुन्हा गेलो, या वेळी रात्रभर झोप घेऊन. वेग थोडा वाढला, पण चेंडू डावीकडेच गेला आणि खूणही टाचेकडेच आली. म्हणजे दांड्याच्या वजनाबद्दल घाई नको, पण उभेपणाचा दोष खरा. जे दोन्ही वेळा दिसतं ते धरावं.

दुसरी गोष्ट, तेरा यार्डांचं गुपित. माझ्या सात नंबरच्या तोंडाचा कोन ३५ अंश आहे, नव्या सात नंबरचा २९. शिवाय दांडाही थोडा लांब. माझ्या जुन्या पाच नंबरचा कोन २८ आहे. म्हणजे नव्या काठीवर आकडा सातचा, पण पोट जवळजवळ पाचचं! माप घेणारा मुलगा प्रामाणिक होता. त्याला म्हटलं, आता माझं जुनं पाच नंबर मारून बघू. गेलं १३१ यार्ड. तेरा यार्डांतले अकरा तिथेच सापडले.

नव्याचा गुणही सांगितला पाहिजे. त्या डोक्यात वजन खाली आणि कडेला वाटलेलं असतं, त्यामुळे चेंडू उंच उठतो आणि मधोमध न लागलेला फटकाही फारसा वाया जात नाही. जुन्या पाच नंबरनं माझे दर पाचांतले दोन फटके जमिनीलगत सरपटतात. हा फायदा खरा, पण तो लांब काठ्यांपुरता. आठ-नऊ नंबरला मला त्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: जुन्यातलं काय वळतं? शेतात वखर खोल जायला लागला तर कोणी नवा वखर आणत नाही. पाचर ठोकतो, कोन बदलतो, पास झिजली असेल तर तेवढीच बदलतो. गोल्फचं लोखंडही असंच आहे. ठोकून घडवलेल्या नरम पोलादाची मान शिकंज्यात धरून दोन अंश सहज वळवता येते. ओतीव आणि कडक पोलादाला जपून वळवावं लागतं, जास्त ताणलं तर मोडतं. मूठ बदलणं तर सायकलची मूठ बदलण्याइतकं सोपं. दांडासुद्धा काढून दुसरा बसवता येतो. म्हणजे 'बसत नाही' आणि 'कामाचं नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपण पहिलं ऐकून दुसरं समजतो.

काठी माणसाच्या मापाची हवी, हा विचार सामान्य खेळाडूपर्यंत नेण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते कार्स्टन सोल्हाइम मूळचे नॉर्वेचे. तरुणपणी ते बुटांच्या दुरुस्तीचं काम करत, पुढे इंजिनिअर झाले. १९५९ मध्ये अमेरिकेत त्यांनी 'पिंग' या नावानं काठ्या बनवायला सुरुवात केली. उंची आणि मनगटाचं अंतर पाहून काठीचा कोन ठरवायचा आणि त्यासाठी काठीवर रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्यांच्या कंपनीची पद्धत १९७० च्या दशकापासून रुळली. ज्यानं लोकांचे जोडे हाताळले, त्याला ही गोष्ट सुचावी यात मला नवल वाटत नाही. जोडा चावला तर पाय कापत नाहीत हे त्याला ठाऊक. पण जोडा साच्यावर चढवून सैल करता येतो, हेही त्यालाच ठाऊक असणार.

हे सगळं मनात चाललं असताना एक गोष्ट घडली. दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर अकरा वर्षांची नात आली होती. तिलाही खेळाची गोडी लागली आहे. तिच्याकडे शेजाऱ्यांनी दिलेल्या तीन काठ्या आहेत, मोठ्या माणसाच्या काठ्या कापून आखूड केलेल्या. तिचा नंबर नव्हता, पण मी म्हटलं, हिचेही चार फटके बघा. कापलेला दांडा आखूड झाला की ताठ होतो आणि डोकं मात्र मोठ्या माणसाच्या वजनाचंच राहतं. ती पोर ते ओझं फिरवायला कंबर मागे टाकून, अख्खं अंग हिसडून मारत होती. पडद्याची गरजच नव्हती. डॉक्टरच्या नजरेला मनगट आणि पाठ दोन्ही दिसत होती.

आपल्याकडे पोरांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' शिवतात. शाळेचा गणवेश दोन वर्षं पुरावा म्हणून आत दाब ठेवतात. कपड्याला ते चालतं. हत्याराला चालत नाही, कारण कपडा अंगाप्रमाणे लोंबतो, पण हत्यारापुढे अंगच वाकतं. या वयात जे वळण पडतं ते पुढे सुटत नाही. माझं वळण पडून गेलं आहे. मला काठी वळवून घेता येते. तिला मात्र काठीच तिच्या मापाची लागते.

मग निर्णयाला वेळ लागला नाही. सातही लोखंडं दोन अंश वळवून घेतली. नव्या, थोड्या जाड मुठी बसवल्या. बोटांचे सांधे दुखत असले की जाड मूठ हलकेच धरता येते आणि कोपरावर ताण कमी येतो. चार आणि पाच नंबर घरी ठेवून त्यांच्या जागी 'हायब्रिड' म्हणतात ती एक काठी घेतली, जी चेंडू सहज उचलते. दांडे तसेच ठेवले. खांदा कुरकुरला तर तेव्हा बघू. नातीला तिच्या उंचीचा हलका अर्धा संच घेतला. दोन-तीन वर्षांत तो तिला लहान होईल, मग दुसऱ्या एखाद्या पोराला देऊ. सगळं मिळून खर्च पन्नास हजारांच्या आत आला. उरलेल्या रकमेवर सौ.नी लगेच हक्क सांगितला. विहिरीच्या मोटारीचं काम दोन हंगामांपासून रखडलं होतं.

परिणाम विचाराल तर त्यानंतर चार वेळा खेळलो. चेंडू डावीकडे पळायचा बराच थांबला. ९६ फटके लागायचे तिथे ९४ लागतात. यात लोखंड किती आणि चांगली झोप किती, हे सांगणं कठीण. नात मात्र आता हिसडत नाही, सरळ उभी राहून मारते. ते बघायला आकडा लागत नाही.

वाचकहो, माप जरूर काढून घ्या, डोळ्यांचं, दातांचं, हत्यारांचं. मापाला घाबरून घरी बसणं शहाणपणाचं नाही. पण मापाचा कागद हातात आला की तीन प्रश्न विचारा. हे पुन्हा मोजलं तर असंच येईल का? नवं जे जास्त देतंय ते खरंच जास्त आहे की नुसतं नाव बदललंय? आणि जुन्यातलं किती वळवून, बदलून, जुळवून घेता येईल? तिन्हींची उत्तरं नव्याच्या बाजूनं आली तर खुशाल नवं घ्या, मागे वळून बघू नका.

आणि घरात कोणी वाढत्या अंगाचं असेल, तर त्याचं माप आधी काढा. आपलं थांबू शकतं.