गाठीचे बारसे

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना, कर्करोगाचा विषय काढू नये असा संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. वाचकांनी खुशाल रागवावे. पण पूर्ण वाचून मग रागवावे!

आमचे गाव मोरगाव. कऱ्हेकाठचे, मयूरेश्वराचे. अष्टविनायकांची यात्रा आमच्या गावी सुरू करावी आणि आमच्याच गावी येऊन संपवावी, असा रिवाज आहे. माझ्या थोरल्या बहिणीची, आक्काची, यात्राही तशीच झाली. फरक इतकाच, की तिच्या वाटेवर देवळे नव्हती, इस्पितळांच्या खिडक्या होत्या.

आक्काच्या डाव्या कानाच्या पाळीखाली चिंचोक्याएवढी गाठ आली. "दुखत नाही ना? मग असू दे," असे शेजारणींनी सांगितले, लाज वाटते, पण मीही सांगितले. दोन वर्षांत तिचे लिंबू झाले. मग शहरातल्या एका इस्पितळात ती काढली. अहवाल आला: गाठ सौम्य. आम्ही पेढे वाटले. पण गालातल्या मुंग्या जाईनात, म्हणून त्याच काचा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्या. ते बराच वेळ सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसले आणि म्हणाले, "मला ही सौम्य वाटत नाही."

एका गाठीला दोन नावे! बारशाला आजी एक नाव सुचवते, आत्या दुसरे ठेवते. पोराचे त्यात काही बिघडत नाही. गाठीचे नाव चुकले, तर माणसाचे बिघडते.

लाळग्रंथींच्या गाठींच्या तीसहून अधिक जाती आहेत. कानापुढच्या ग्रंथीतल्या बहुतेक सौम्य असतात, आणि जाणत्या विकृतिशास्त्रज्ञाला बहुतेकींची ओळख सूक्ष्मदर्शकातून पटतेही. पण काही जुळ्या बहिणींसारख्या असतात. एक काढली की बहुधा संपली. दुसरी, ॲडेनॉइड सिस्टिक नावाची, मज्जातंतूंच्या कडेने सरपटत जाते आणि दहा-पंधरा वर्षांनीही परत दार ठोठावते. अशा वेळी चेहरा पाहून भागत नाही, कुळी पाहावी लागते.

कुळी पाहायची ती अशी. पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. त्या चार अक्षरांत लिहिलेल्या पोथ्या समजा. पोथी बांधणाऱ्याच्या हातून सहाव्या क्रमांकाच्या पोथीचे पान नवव्या क्रमांकाच्या पोथीला शिवले गेले, आणि त्या जोडपानातून "वाढत जा, थांबू नकोस" असा हुकूम सुटला, तर काय होईल? ॲडेनॉइड सिस्टिक गाठींत पुष्कळदा हेच झालेले असते. स्वीडनमधल्या संशोधकांनी हा सांधा 2009 साली उघड केला. दुसऱ्या एका जातीतला असाच सांधा 2003 मध्ये सापडला होता. सिक्रेटरी नावाची तिसरी जात तर 2010 पर्यंत दुसऱ्याच नावाखाली वावरत होती. तिच्यातल्या सांध्यावर नेमके चालणारे औषध अमेरिकेत 2018 मध्ये मंजूर झाले. म्हणजे खरे नाव कळले, तर कधी कधी औषधाचेही नाव कळते. ही अक्षरे ओळीने वाचण्याच्या विद्येला जनुकक्रम-वाचन म्हणतात.

आक्काच्या गाठीचे वाचन करायचे ठरले. त्याला काय लागते? आक्का लागत नाही! काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या वडीत जपून ठेवलेला असतो. ती वडी लागते. ती मागायला मी पहिल्या इस्पितळाच्या खिडकीशी उभा राहिलो. "शोधून कळवू," एवढेच उत्तर. त्या शोधात दोन महिने गेले. अखेर वडी मिळाली, वाचन झाले, सहा आणि नऊचा सांधा सापडला. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत सुरू व्हावे असे किरणोपचार आक्काला पाचव्या महिन्यात मिळाले. त्या उशिराचा हिशेब कोणाच्या खात्यावर मांडायचा?

कोणी म्हणतील, ही चैन श्रीमंतांची. मी विचारतो, चुकीच्या नावावर केलेले उपचार फुकट मिळतात काय? कोणी म्हणतील, खेड्यात हे कसे जमणार? अहो, बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईचे टाटा रुग्णालय 1941 पासून उभे आहे, तिथे डॉ. वसंत खानोलकरांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला. देशातल्या कर्करोग-रुग्णालयांना एकत्र गुंफणारे राष्ट्रीय जाळे 2012 पासून आहे. आजाऱ्याला एस.टी.त बसवून गावोगाव फिरवण्यापेक्षा बोटाएवढी मेणाची वडी टपालाने पाठवणे काय अवघड आहे? माणूस हलवू नका, मेण हलवा!

प्रत्येक गाठीचे वाचन करा, असे मी म्हणत नाही. तसे सांगून पैसे उकळणाऱ्यांनाही माझा हा लेख लागू आहे. शिवाय सांधा सापडला नाही म्हणून रोग नाहीच, असेही होत नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणारा माणूस लागतोच. माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. घरी सोडताना दिलेल्या कागदावर मेणाच्या वडीचा क्रमांक असावा. ती मागितल्यावर दिवसांत मिळावी, महिन्यांत नव्हे. आणि विकृतिशास्त्रज्ञाला शंका असेल तेव्हा वाचनाचा खर्च उपचाराचाच भाग धरावा, गरिबाच्या पदरात टाकू नये.

आक्का यंदाही करंज्या तळते आहे. हसली की तोंडाचा एकच कोपरा वर जातो. दर वर्षी तपासणीला जाते आणि गाठीचे ते अवघड इंग्रजी नाव न अडखळता सांगते.

वाचकहो, नरक चतुर्दशीच्या पहाटे वडीलधाऱ्यांना तेल लावाल, तेव्हा कानाच्या पुढे आणि पाळीखाली बोटे जरा सावकाश फिरवा. काही हाताला लागले, तर "दुखते का?" एवढेच विचारून थांबू नका. आम्ही थांबलो होतो.