विस्मरण म्हणजे शांति नव्हे

“झालें गेलें गंगेला मिळालें” हें वाक्य आपल्या सुशिक्षित वर्गाच्या ओठांवर सदैव तयार असतें. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबईंत झालेल्या दंगलींचा विषय निघाला कीं तें हटकून ऐकूं येतें. मी खाडीच्या अलीकडे, नव्या मुंबईंत, अध्यापन करतों. ज्या वर्षीं खाडीपुलावरून आगगाडी वाशीस आली, त्याच वर्षाच्या अखेरीस पलीकडचें शहर पेटलें. माझ्या विद्यार्थ्यांना ती गाडी रोजची आहे; त्या आगीची मात्र गोष्टही त्यांच्या कानीं नाहीं. या विस्मरणालाच आपण शांति असें गोंडस नांव दिलें आहे!

खटल्यांनीं जुन्या जखमा पुन्हां वाहूं लागतात, असा विस्मरणवाद्यांचा आक्षेप असतो. परंतु अपराध्याचें नांव न्यायालयांत ठरलें नाहीं, तर अपराध नाहींसा होत नाहीं. तो त्याच्या सबंध जमातीच्या नांवावर चढतो. मग “त्यांनीं आमचीं माणसें मारलीं” हें एकच वाक्य बापाकडून मुलाकडे वारसाहक्कानें जातें. त्या “त्यांनीं”तून अमका दोषी, तमका निर्दोष असें निवडून काढण्याचें काम खटल्यावांचून होत नाहीं. १९४६ सालीं न्यूरेंबर्गच्या न्यायालयानें २२ आरोपींपैकीं ३ जणांना निर्दोष ठरविलें. सूड कोणाला निर्दोष म्हणून सोडीत नसतो, न्याय सोडतो.

“हा तर जेत्यांचा न्याय!” असें कोणी म्हणेल. टोकियोच्या खटल्यांत न्यायमूर्ति राधाविनोद पाल यांनीं हाही दोष दाखवून सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारें निकालपत्र लिहिलें, व तो दोष खराच होता. परंतु तराजू खोटा असेल तर तो दुरुस्त करावा. खाडींत फेकून देऊं नये. सिएरा लिओन देशांतील यादवी २००२ सालीं संपली. तेथील विशेष न्यायालयानें बंडखोरांबरोबर सरकारच्या बाजूनें लढलेल्यांनाही शिक्षा दिल्या, आणि बंडखोरांचा साह्यकर्ता, लायबेरियाचा माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर, यासही २०१२ सालीं दोषी ठरविलें. तेथील शांतीचें सारें श्रेय न्यायालयास देतां येणार नाहीं. पण खटल्यांनीं ती मोडली नाहीं, एवढें तरी सिद्ध झालें.

यादवी हा शब्द ज्या कथेंतून आला, त्या कथेंत निवाडा करावयास फारसें कोणी उरलेंच नाहीं. मुंबईची गोष्ट तशी नव्हती. दंगल म्हणजे यादवी युद्ध नव्हे. न्यायालयें, पोलीस, विधिमंडळ सारें जागच्या जागीं उभें होतें. म्हणूनच आपली सबब अधिक लंगडी आहे. सुमारें ९०० माणसें मेलीं. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या आयोगानें १९९८ सालीं अहवाल दिला; तत्कालीन सरकारनें तो एकांगी ठरवून बाजूस सारला. आयोग सत्य सांगूं शकतो, शिक्षा देऊं शकत नाहीं. उलट १२ मार्च १९९३ च्या बाँबस्फोटांत २५७ माणसें बळी पडलीं. तो खटला चालला, आणि विशेष न्यायालयानें १०० जणांना दोषी व २३ जणांना निर्दोष ठरविलें. हें योग्यच झालें. पण एकाच शहरांत चार महिन्यांत घडलेल्या दोन हत्याकांडांपैकीं एकाचा निकाल लागावा आणि दुसऱ्याचीं दप्तरें धूळ खात पडावींत, यामुळें रास्त निकालही अनेकांस पक्षपाती भासतो.

नोव्हेंबर २०२२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, त्या दंगलींत सरकार कायदा व सुव्यवस्था राखूं शकलें नाहीं. बेपत्ता १६८ जणांपैकीं केवळ ६० जणांच्या कुटुंबांस तोंवर भरपाई मिळाली होती. ९७ खटले निद्रिस्त पडले होते. साक्षीदार म्हातारे होतात, मरतात. असा काळच आरोपीचा वकील बनतो. तेव्हां ते खटले जागे करा, ही मागणी सुशिक्षितांनींच केली पाहिजे.

“झालें गेलें” म्हणण्याचा अधिकार ज्याचें गेलें त्याचा आहे. ज्याचें कांहींच गेलें नाहीं, त्यानें तो बळकावूं नये.